मुंबईच्या रस्त्यांसाठी कुठला सुपरचार्जर? पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

आधी एक गोंधळ मिटवू. हल्ली मुंबईत कुणाला सुपरचार्जर कुठे मिळेल म्हणून विचारलंत तर तो तुम्हाला बीकेसीला पाठवतो, टेस्लाच्या चार्जिंग स्टेशनवर. तो सुपरचार्जर वेगळा. आपला सुपरचार्जर म्हणजे पेट्रोल इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारं यंत्र. लोहाराचा भाता निखाऱ्यांना जे करतो तेच हे इंजिनाला करतं: जास्त हवा, त्या मापात जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. टर्बोही हेच करतो, पण तो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर फिरतो. सुपरचार्जर फिरतो क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून, बेल्टने. त्यापायी इंजिनाची थोडी ताकद त्यालाच जाते, पण टर्बो जागा होईपर्यंत ताटकळावं लागतं तसं इथे होत नाही.

माझ्याकडे जो कुणी सल्ला मागायला येतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: किती हॉर्सपॉवर वाढेल? विचारा की, पण नंतर. आधी मला सांगा, तुमच्या गाडीचा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांचा, काटा दिवसभर असतो कुठे?

पायरी १: दहा दिवस काटा बघा

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीची माहिती वाचायच्या खाचेत, लावायचा ब्लूटूथ डोंगल स्वस्तात मिळतो. तो लावा, मोबाइलवर आरपीएम, थ्रॉटल आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान नोंदवायला ठेवा आणि दहा दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. दाखवायला म्हणून काही करू नका.

मी हे केलं तेव्हा गाडी ठाणे ते लोअर परळ अशी रोज फिरत होती. पाच लिटरचा व्ही-८, आणि सगळा दिवस आठशे ते अडीच हजार आरपीएममध्ये. चार हजारांच्या वर काटा गेला तो दहा दिवसांत मिळून काही मिनिटं, तीही रविवारी पहाटे. कोस्टल रोडवर मर्यादा ८०, बोगद्यात ६०, अटल सेतूवर १००. तिथे सहाव्या गिअरमध्ये एवढं मोठं इंजिन जेमतेम जागं असतं. हा आलेख बघून मी ठरवलेलं सुपरचार्जरचं किट रद्द केलं. का, ते तिन्ही प्रकार समजले की कळेल.

पायरी २: तीन प्रकार नीट समजून घ्या

पहिला रूट्स. अमेरिकेतल्या इंडियानाच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडीचा पत्ताच नव्हता. कारखान्यांत आणि भट्ट्यांत हवा ढकलायला हे यंत्र वापरत. एका डब्यात दोन रोटर, एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरणारे. बघताक्षणी रसवंतीची आठवण येते आणि तिथेच सगळे फसतात. रसवंतीत ऊस दोन लाटांच्या मधून जातो. इथे हवा मधून जात नाही, रोटरच्या पाकळ्या आणि डब्याची भिंत यांच्यामधल्या खोबणीतून बाहेरच्या कडेने जाते. आणि आत ती दाबलीही जात नाही, नुसती उचलून पलीकडे टाकली जाते. दाब तयार होतो तो पुढे, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, गर्दी झाल्यावर. विरारच्या गाडीत मागून ढकलल्यावर आतल्यांचं होतं तेच. या ढकलाढकलीत हवा नको तेवढी तापते.

जुन्या रूट्सची बदनामी या उष्णतेमुळेच झाली. आजचे रूट्स मात्र बरेच सुधारलेले आहेत. ईटन कंपनीच्या टीव्हीएस मालिकेत प्रत्येक रोटरला चार पाकळ्या आणि १६० अंशांचा पीळ असतो. आधीच्या पिढीत तीन पाकळ्या आणि ६० अंश असायचे. २००९ सालच्या शेवरोले कॉर्वेट झेडआर-१ वर हाच २.३ लिटरचा टीव्हीएस होता, ताकद ६३८ हॉर्सपॉवर. २०२० च्या शेल्बी जीटी-५०० वर २.६५ लिटरचा आहे, ७६० हॉर्सपॉवर. तेव्हा ‘रूट्स म्हणजे जुनाट’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

दुसरा ट्विन-स्क्रू. स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने १९३० च्या दशकात घडवलेला. दिसायला रूट्सचा भाऊ, पण स्वभाव निराळा. दोन स्क्रू, एक नर एक मादी, हवेला पकडून पुढेपुढे नेतात आणि जागा आवळत जातात, म्हणजे हवा डब्याच्या आतच दाबली जाते. चकलीच्या सोऱ्यात पीठ दाबलं जातं तसं. दाब वाढवायचा असेल तर हा रूट्सपेक्षा थंड राहतो. पण गाडी नुसती रमतगमत चालली असतानाही तो आत थोडीफार हवा दाबतच राहतो, त्यामुळे तेवढी ताकद खातो. दोन स्क्रूमधली फट केसाएवढी ठेवावी लागते, म्हणून किंमतही चढी. २०१५ च्या डॉज हेलकॅटवर २.४ लिटरचा ट्विन-स्क्रू होता, ७०७ हॉर्सपॉवर. त्याची ती शिट्टी एकदा ऐकली की माणूस कामातून जातो. आवाजासाठी म्हणून ट्विन-स्क्रू घेणारे मी पाहिलेत आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

तिसरा सेंट्रिफ्यूगल. तुमच्या सोसायटीत तळमजल्यावर गच्चीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप आहे ना? तोच प्रकार, पाण्याऐवजी हवा. गोगलगायीच्या शंखासारखं आवरण, आत पंखा. आतल्या गिअरमुळे पंखा मिनिटाला पन्नास हजार आणि त्याहूनही जास्त फेरे घेतो. व्होर्टेक आणि प्रोचार्जर ही यातली गाजलेली नावं. रोट्रेक्सच्या युनिटमध्ये दातेरी गिअरच नसतात, गुळगुळीत रोलरच्या घर्षणावर चालतं आणि त्याला खास स्वतःचं तेल लागतं. कोनिगसेग कंपनीने सीसीएक्स या गाडीवर असे दोन लावले होते.

आता खरा फरक. रूट्स आणि स्क्रू प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा टाकतात. पाच लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात अडीच लिटर हवा ओढतं. समजा २.३ लिटरचा सुपरचार्जर क्रँकच्या १.६ पट वेगाने फिरतोय. तो तेवढ्यात ३.७ लिटर टाकतो. म्हणजे ढोबळमानाने दीडपट, मग काटा दीड हजारावर असो की सहा हजारांवर. बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, जवळजवळ सपाट. सेंट्रिफ्यूगलचा दाब मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. ७००० आरपीएमला ८ पीएसआय (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) मिळत असेल तर ३५०० ला मिळतील २ पीएसआय. निम्मा वेग, पाव दाब.

मी ठरवलेलं किट होतं सेंट्रिफ्यूगल. डायनोच्या, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राच्या, कागदावर शेवटचा आकडा त्याचाच सगळ्यात मोठा होता. पण मी जिथे राहतो, म्हणजे अडीच हजारांच्या खाली, तिथे ते मला एक पीएसआय जेमतेम देणार होतं.

पायरी ३: उष्णतेचा हिशेब मांडा

हा हिशेब अमेरिकेतल्या व्हिडिओत मुंबईच्या आकड्यांनी कुणी करून दाखवत नाही, म्हणून इथे करू. मे महिना, बाहेर ३५ अंश. बूस्ट साडेसात पीएसआयच्या जवळपास, म्हणजे समुद्रसपाटीच्या १४.७ पीएसआयच्या दीडपट दाब. यंत्र अगदी आदर्श असतं तरी हवा ३८ अंशांनी तापली असती. जुन्या धाटणीच्या रूट्सची कार्यक्षमता ५५ टक्के धरा: हवा बाहेर पडते १०४ अंशांना. टीव्हीएस किंवा ट्विन-स्क्रू ७० टक्के धरा: ८९ अंश. सेंट्रिफ्यूगल ७५ टक्के: ८५च्या आसपास. पाणी उकळेल अशी हवा इंजिनात पाठवायची नसते, म्हणून मध्ये हवा निववणारा इंटरकूलर. १०४ ची हवा ५० वर आणली तर तेवढ्याच दाबात १६-१७ टक्के जास्त हवा मावते.

आणि इंटरकूलरचा प्रकार सुपरचार्जरच्या प्रकाराशी बांधलेला असतो. सेंट्रिफ्यूगल इंजिनाच्या पुढे कडेला बसतो, अल्टरनेटरच्या शेजाऱ्यासारखा, त्यामुळे त्याला बहुधा बंपरमागे हवेवर थंड होणारा इंटरकूलर मिळतो. तो साधा आणि हलका, गाडी पळत असेल तोवर उत्तम. रूट्स आणि स्क्रू व्ही-८ च्या डोक्यावर, दोन हेडच्या मधल्या खोबणीत बसतात. त्यांचा इंटरकूलर आत मॅनिफोल्डमध्येच असतो, पाण्यावर चालणारा, वेगळा पंप आणि पुढे छोटा रेडिएटर घेऊन. गाडी थांबली तरी पाणी फिरत राहतं. पण खालून इंजिन धगधगत असतं, आणि एकदा सगळं तापलं की निवायला वेळ घेतं.

हे मी एका रविवारी अगदी जवळून पाहिलं. मित्राची टीव्हीएसवाली गाडी, मी बाजूच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. कळंबोलीपासून एक्स्प्रेसवेवर आत शिरणारी हवा ४८ अंश. खालापूर टोलच्या रांगेत अडकलो. पुढे ट्रॅव्हल्सची बस, वेगाचा काटा शून्यावर. लॅपटॉपवर हवेचं तापमान चढत गेलं: ५५. ६१. ६६. पंप चालू होता, त्याची घरघर पायाला जाणवत होती, पण पुढच्या रेडिएटरवर वाराच नव्हता. टोल ओलांडला तेव्हा ७१. मित्राने पाय दाबला आणि गाडी नुसती पुढे सरकली. ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, नॉक टाळायला इग्निशन मागे खेचलं होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पाडत होता. ‘अरे, पिकअपच गेला,’ तो म्हणाला. घाट चढून लोणावळ्यात चहा घेईपर्यंत आकडा पन्नाशीत आला आणि गाडीत जीव आला.

उपाय अवघड नव्हता. पुढच्या रेडिएटरला स्वतःचा इलेक्ट्रिक पंखा आणि पाण्याची थोडी मोठी टाकी. मुंबईत रूट्स किंवा स्क्रू घेणार असाल तर हा पंखा किटच्याच यादीत धरा, नंतर बघू म्हणू नका.

पायरी ४: बॉनेटखाली शाडू माती

रूट्स-स्क्रूला उंची लागते. किटवाला ‘बसतं’ म्हणतो तो त्याच्याकडच्या गाडीबद्दल. आपण मापून घ्यायचं. गणपतीला आणलेली शाडू उरली असेल तर उत्तम, नाहीतर मुलांची प्लॅस्टिसिन. लिंबाएवढे चार-पाच गोळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून इंजिनावर, जिथे सुपरचार्जरचा सगळ्यात उंच भाग येणार तिथे ठेवा. बॉनेट हलक्या हाताने पूर्ण बंद करा, उघडा, चेपलेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजा. किटच्या नकाशातल्या उंचीशी ताडून बघा. वर निदान १५ मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, कारण जोर लावल्यावर इंजिन आपल्या माउंटवर डोलतं. माउंट जुने असतील तर जास्तच. पंधरा नसतील तर फुगवट्याचा बॉनेट आला, आणि तो आला की लांबूनच पोलिसमामांच्या नजरेत भरतो.

पायरी ५: पंपावरचा आकडा आणि किटच्या कागदावरचा आकडा एक नाहीत

नवखे लोक सर्वात जास्त इंजिनं इथे घालवतात. किट अमेरिकेतून येतं, कागदावर लिहिलेलं असतं: ‘९१ ऑक्टेन चालेल’. आपण मुंबईत पंपावर जातो, ९१ किंवा त्याहून मोठा आकडा वाचतो आणि खुश होतो. पण अमेरिकेतला आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो, आपला नुसता रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आरओएन. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. त्यांचं ९३ म्हणजे आपलं ९७-९८. आपल्या मापाचं ९१ त्यांच्याकडे सगळ्यात स्वस्त ८७ च्या नळीतून येतं. ते भरून बूस्ट दिला तर इंजिन नॉक करणार, हलक्या हातोडीने पत्र्यावर मारावं तसा आवाज, आणि पिस्टनच्या कडा झिजायला लागणार.

म्हणजे इंडियन ऑइलचं एक्सपी-९५ हे अमेरिकन ९१ च्या जेमतेम जवळ. एक्सपी-१०० सगळ्यात निर्धास्त, पण ते निवडक पंपांवरच मिळतं आणि खिसा हलका करतं. मॅप, म्हणजे ईसीयूतलं इंधन आणि ठिणगीचं कोष्टक, ९५ वर बनवून घ्या आणि शक्य तेव्हा १०० भरा. उलटं, म्हणजे मॅप १०० चा आणि लांबच्या प्रवासात मिळेल ते पेट्रोल, हे कधीही नको.

इथेनॉलचाही विचार हवा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेरा पटींच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन. इंजेक्टर आणि पंप निवडताना ही गुंजाईश धरून ठेवा.

बूस्ट किती? तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट आवळली जाते ते, बघा. २०१६ साली भारतात आलेल्या मस्टँग जीटीच्या पाच लिटर इंजिनाचं ११:१ आहे, म्हणजे आधीच चढं. आतले पिस्टन-रॉड कंपनीचेच ठेवणार असाल तर सहा-सात पीएसआयवर समाधान माना. पुली लहान केली की बूस्ट वाढतो, आणि लहान पुली हातात घेतली की ती लावायचा मोहही होतो. मी एकदा लावून घेतली होती. दुसऱ्याच दिवशी लॉगमध्ये प्रत्येक जोरावर नॉक दिसायला लागला, पुली उतरवली. आज ती टेबलावर कागद दाबायला आहे.

पायरी ६: कागदपत्रं

हे लोक शेवटी करतात. तुम्ही पैसे देण्याआधी करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावलंय. आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेम बुडवू शकतो. नकार आला तर गाडी फक्त सर्किटसाठी ठेवायची आणि ट्रेलरवरून न्यायची, कोईम्बतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट.

या सगळ्यातून सुटायचा एक सरळ रस्ता आहे आणि मी तो बऱ्याच जणांना सुचवतो: कारखान्यातूनच सुपरचार्जर लागून आलेली गाडी सेकंड हँड घ्या. उदाहरणार्थ सहा किंवा आठ सिलिंडरची जॅग्वार एफ-टाइप. त्यावर ईटनचाच टीव्हीएस आहे, आरसी स्वच्छ. अशी गाडी बघायला जाल तेव्हा थंड इंजिन सुरू करून आयडलवर बॉनेटपाशी कान द्या. कटिंगच्या ग्लासात चमचा वाजावा तशी किणकिण आली तर पुलीमागचा कपलर झिजलाय; तेवढे पैसे भावातून कमी करा.

पायरी ७: मग निवडायचं काय?

माझं मत, पटलं तर घ्या. इंजिन मोठं, गाडी रोजची, आलेख तीन हजारांच्या खाली: टीव्हीएस, लहान बूस्ट, आणि तो पंखा. इंजिन लहान, आठ हजारांपर्यंत हसतखेळत जाणारं, आणि गाडी मुख्यतः सर्किटवर किंवा धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीसाठी: सेंट्रिफ्यूगल. तो खालच्या आरपीएमला सौम्य असतो, त्यामुळे क्लच, गिअरबॉक्स आणि टायरही वाचतात. पावसाळ्यात तर हा सौम्यपणा सुखाचा वाटतो. टीव्हीएसवाली, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी जुलैत पेव्हर ब्लॉकवर पाय जरा जास्त पडला की शेपूट हलवते. ट्विन-स्क्रू त्यांच्यासाठी ज्यांना इंजिन खोलून आतले भाग मजबूत करून दहा-बारा पीएसआयच्या पुढे जायचंय. पहिलीच वेळ असेल तर तिथे जाऊ नका. शिट्टीसाठीसुद्धा.

पायरी ८: बसवणं आणि पहिले पाचशे किलोमीटर

किट यायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दाब धरतो का याच्या चाचण्या, करून घ्या. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून मागे असेल तर पैसे आधी तिथे. स्पार्क प्लग एक पायरी थंड प्रतीचे. गॅरेज निवडताना जुन्या गाड्यांचे फोटो बघत बसू नका, डायनोचे लॉग मागा: पूर्ण जोरात हवा-इंधन प्रमाण आणि नॉक. जो दाखवायला टाळाटाळ करतो तो गॅरेजवाला कितीही गोड बोलत असो, गाडी तिथे ठेवू नका.

बसवल्यावर पुल्या एका रेषेत आहेत का ते स्वतः सरळ पट्टी लावून बघा. पहिले पाचशे किलोमीटर बेल्ट सैल होत जातो. तो घसरला की वरच्या आरपीएमला बूस्ट गळतो आणि काळा भुगा पुलीभोवती जमतो. तो भुगा बोटाला लागला की ताण बघायचा.

सेंट्रिफ्यूगल घेतलात तर आणखी एक. बऱ्याच किटमध्ये हवेचा फिल्टर बंपरमागे खाली, चाकाच्या कमानीत येतो. अमेरिकेत ती थंड हवेची जागा. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला ती पाण्याची पातळी. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, रॉड वाकतो. जूनच्या आधी फिल्टर वर घ्यायची पाइप बनवून घ्या, चार अंश गरम हवा परवडते.

आणि डिकीत एक जादा बेल्ट ठेवा, ताण देणाऱ्या पान्यासकट. काही किटमध्ये पाण्याचा पंप आणि अल्टरनेटरही त्याच बेल्टवर असतात, म्हणजे तो तुटला की गाडी जागेवरच. या मापाचा बेल्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधायला अर्धा दिवस जातो. रविवारी रात्री खोपोलीत तो कुणाकडेच नसतो.